इतिवृत्त, मंगळवार

सभा सातची. सुरू झाली साडेसातला.
किल्ली ओर्तेन्सियाबाईंकडे, आणि ओर्तेन्सियाबाई जिन्यावर :
टेकडीच्या एकशे बासष्ट पायऱ्या,
दर विसाव्या पायरीला एक शेजारीण.
उपस्थिती : एकोणीस माणसं, एक कुत्रा.
कुत्र्याला मी मोजलं नाही.

विषय एक : मुलांना खेळायला जागा.
विषय दोन : जिन्यावरचे दिवे.
विषय तीन : आग.

तिसरा आधी घ्या, म्हणाला नोल्बेर्तो.
बंबावरचा स्वयंसेवक, पगार नाही,
बूटसुद्धा मेलेल्या मामाचे.
"आग दर वेळी शेवटी येते. तोवर चहा झालेला असतो
आणि तुम्ही तिच्याविषयी बोलता
परगावच्या लग्नाविषयी बोलावं तसं."

मग त्याने घळ मोजून दाखवली, बोटांवर :
अकरा गाद्या, दार नसलेला फ्रिज,
टायर, टायर, टायर,
आणि मधे वाढलेली निलगिरी, सोललेल्या सालींच्या ढिगात
तेल धरून उभी.
वरच्या वळणावरचा आगीचा नळ त्याने परवा उघडून पाहिला.
आधी हवा आली. मग एक कोळी.
मग काहीच नाही.

ठराव : घरांपासून तीस मीटर सगळं साफ.

तीस मीटरमध्ये बाल्तासारचं झाड येतं.
हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळे
चिलीच्या नकाशाकडे बघत बसले. भिंतीवरचा लांबडा नकाशा,
खालचा कोपरा सुटलेला.
बाल्तासार उभा राहिला नाही. बसूनच म्हणाला,
"घर गेलं त्या फेब्रुवारीत ते झाडही कोळसा झालं होतं.
आठ महिन्यांनी बुडातून फुटलं.
त्यानंतर मी पहिला पत्रा ठोकला."
एवढंच. मी लिहिलं :
श्री. बाल्तासार यांनी आपले म्हणणे मांडले.

तेवढ्यात यास्नाने हात वर केला. वय अकरा, मताधिकार नाही.
"झाडं काढल्यावर तिथे काय असणार?"
काहीच नाही, ओर्तेन्सियाबाई म्हणाल्या.
"काहीच नाही कशाला?"
आगीला खायला काही मिळू नये म्हणून.
"मग आम्ही असलो तर चालेल?"

कुणीतरी खुर्ची सरकवली.
भांड्यातलं पाणी उकळत होतं, कुणी उठलं नाही.
मी पेन टेकवून ठेवलं, शाईचा ठिपका मोठा होत गेला,
अजून आहे तो, पान सतरा.

शेवटी नोल्बेर्तोच बोलला, बुटांकडे बघत :
"रोजच्या पायांखाली गवत रुजत नाही.
वहिवाट असेल तर मला दर जानेवारीत विळा घेऊन यायला नको."
मग एकदम सगळेच. उतार आहे, बॉल समुद्रात जाईल!
जाळं लावा. पैसे? धक्क्यावर लाउतारोकडे
फाटकं जाळं पडलंय, मासळीचा वास येईल,
येऊ दे, म्हणाली यास्ना.
फक्त आग दिसली की वर पळायचं की खाली
हे आधी शिकवा, असं कुणाची तरी आई म्हणाली,
आणि नोल्बेर्तो म्हणाला, खाली. नेहमी खाली.

बाजूने सतरा. विरोधात कुणी नाही.
अध्यक्षबाईंनी मत दिलं नाही.
बाल्तासारचा हात गुडघ्यावरच राहिला. तटस्थ, एक.
सही करताना मात्र त्याने विचारलं,
"करवत माझी चालेल ना?"
हे इतिवृत्तात नाही.

दिव्यांचा विषय वेळेअभावी पुढे ढकलला.
तेव्हा आम्ही अंधारातच उतरलो,
मोबाईलचा उजेड पायापुरता, कुत्रा पुढे.
नव्वदाव्या पायरीच्या आसपास
जळका वास आला.

एकोणीस माणसं थांबली. कुणी श्वाससुद्धा सोडेना.
वारा कुठून आहे ते नोल्बेर्तोने ओलं बोट धरून पाहिलं.

पाव होता. खिडकीत कुणीतरी पाव भाजत होतं,
रेडिओ लावून, आमच्याकडे पाठ करून.
तरी त्या बाईने मागे वळून
तो डाग पडलेला पाव आम्हाला दाखवेपर्यंत
एकही पाऊल पुढे पडलं नाही.